कुत्रं आणण्याआधी डॉक्टर शोधा, आणि बाकीच्या चुका

रात्री साडेअकराला सोसायटीतल्या कुणाचा फोन आला की विषय मला आधीच कळतो. "काका, पिल्लू उलट्या करतंय, आत्ता कुठला डॉक्टर उघडा असेल?" पिल्लू येऊन तीन आठवडे झालेले असतात. पट्टा, गादी, फोटोसाठी बो-टाय, सगळं आलेलं असतं. डॉक्टर तेवढा बघायचा राहिलेला असतो.

मी तरी कुठे शहाणा होतो? चिंगी आमची देशी कुत्री. नसबंदीचे ८ हजार सांगितले होते आणि "पुढच्या वर्षी बघू" असं आम्ही चार वर्षं म्हणालो. एका दिवाळीत, माजावर येऊन गेल्यावर महिनाभरात, ती वाटीवर वाटी पाणी प्यायला लागली, जेवण सोडलं. फटाक्यांना घाबरली असेल म्हणून मी दोन दिवस नुसता दहीभात पुढे केला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बसल्या जागी पू दिसला. आमचा असा डॉक्टर नव्हताच, लसीला जो जवळ पडेल तो. पाच फोन केले. तीन बंद, एक गावी, एक म्हणाला उद्या अकराला या. शेवटी डोंबिवलीहून ठाण्याला, रात्री दोन वाजता. गर्भाशयात पू, म्हणजे पायोमेट्रा. ऑपरेशन लगेच. डॉक्टरांनी काढलेलं गर्भाशय ट्रेमध्ये दाखवलं, एरवी करंगळीपेक्षा बारीक असतं, ते सायकलच्या ट्यूबसारखं टम्म फुगलेलं. बिल ४६ हजार. चिंगी वाचली. मुलीच्या क्लासची फी मात्र मेव्हण्याकडून उसनी घ्यावी लागली.

तेव्हापासूनची माझी सवय अशी: प्राणी घरात यायच्या आधी दवाखान्यात रिकाम्या हाताने जाऊन वीस मिनिटं बसायचं. इंजेक्शनआधी वजन करतात का? औषधाचं नाव कागदावर लिहितात, की टोचून "३०० द्या" म्हणतात? मग सरळ विचारायचं: रात्री नऊनंतर काय करायचं, आणि ऑपरेशन इथे होतं की दुसरीकडे पाठवता? बी.व्ही.एस्सी. पदवी आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. पेट शॉपमधला "डॉक्टर" बऱ्याचदा कंपाउंडर असतो. तालुक्याचा सरकारी दवाखाना स्वस्त, पण तिथला जीव गायी-म्हशींत अडकलेला. लस आहे का ते फोन करून मगच निघा. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतं, तिथे रात्री पोचायला किती वेळ लागेल हे मात्र कुणी मोजलेलं नसतं.

पैशांचं म्हणाल तर कुत्रं आलं त्याच दिवशी हजाराची आरडी उघडायची, आणि तिला गोव्याच्या ट्रिपसाठी हात लावायचा नाही. विमा घ्या, पण सुरुवातीचे किती दिवस क्लेम मिळत नाही आणि आधीचा आजार धरतात का, हे एजंटच्या तोंडून नाही, कागदावर वाचा.

"एक इंजेक्शन दिलंय ना?" म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. पहिली लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. मधला एक बूस्टर चुकवून पार्व्होच्या (पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या आजाराच्या) सलाईनवर आठवडा घालवणारी घरं मी पाहिली आहेत. ब्रीडरच्या कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर नसेल तर लस झालेलीच नाही असं मी धरतो.

गोचिडीवर रॉकेल ओतू नका.

मांजराला क्रोसिन देऊ नका, अर्धीसुद्धा. मरतं.

आणि बोका सारखा लघवीला बसतोय, होत मात्र नाहीये, असं दिसलं तर "बद्धकोष्ठ असेल, सकाळी बघू" म्हणत झोपू नका. त्याच रात्री निघा.