ऑफिसच्या टीमला सायकलवरून न्यायचं असेल तर

मुंबईतलं कुठलंही ऑफिस मला विचारतं, टीमची सायकल सहल कुठे काढू, तेव्हा मी एकच वाट सांगते: भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने (गाड्यांसकट माणसं नेते ती) मांडवा, आणि तिथून आतल्या रस्त्याने सासवणे, आवास, किहीम. पायांत जोर उरला तर पुढे अलिबाग. घाटाच्या वाटेला जाऊ नका. घाट चढताना धाप लागलेली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोलायला मिळावं म्हणूनच तर ही सगळी खटपट असते. मांडवा ते अलिबाग साधारण २० किलोमीटर. रस्ता बहुतेक सपाट आहे आणि आतल्या वाटेवर नारळी-पोफळीच्या वाड्यांची सावली मिळते. २०२० मध्ये रो-रो सुरू झाल्यापासून सायकल बोटीत चढवून तासाभरात पलीकडे उतरता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत जा.

पाणी, प्रथमोपचार, मागे एक टेम्पो, हे सांगायला नको. हेल्मेटशिवाय कुणी निघणार नाही, साहेबसुद्धा नाहीत. सायकली भाड्याने घेतल्या असतील तर आदल्या दिवशी स्वतः जाऊन प्रत्येकीचे ब्रेक दाबून बघा, टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरून घ्या आणि जादा ट्यूब त्याच मापाच्या, त्याच व्हॉल्व्हच्या आहेत का ते तपासा. सायकल येत नाही असे कोण आहेत, हे ऑफिसच्या ग्रुपवर विचारू नका. एकेकाला बाजूला घेऊन विचारा. ग्रुपवर सगळ्यांसमोर कुणीच खरं सांगत नाही.

सीटची उंची मात्र जेट्टीवरच, एकेकाला बसवून लावा. पेडल सगळ्यात खाली असताना टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो. ‘दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत’ हा सल्ला कोण देतं मला माहीत नाही, पण त्यानेच किहीमपर्यंत गुडघे धरतात. फारच भीती वाटत असेल त्याची सीट थोडी खाली ठेवा आणि सासवण्याला वर करा.

आता खरी अडचण. रांग तुटते. या एका गोष्टीने मला जितकं छळलंय तितकं पंक्चरांनी आणि उन्हाने मिळूनही नाही.

पुढचा माणूस गतिरोधक ओलांडून पुन्हा वेग घेतो, तेव्हा शेवटचा अजून ब्रेक दाबत असतो. असं चार वेळा झालं की मधलं अंतर अर्ध्या किलोमीटरचं होतं. त्यात रोज जिमला जाणाऱ्या दोघांना दम दाखवायचा असतो. मग चहाच्या टपरीवर पहिले येतात, बसतात, चहा पितात, फोटो काढतात. शेवटची बाई घामाघूम होऊन पोचते तेव्हा बाकीचे उठून हेल्मेट घालत असतात. तिला वाटतं आपल्यामुळे सगळे खोळंबले, म्हणून ती पाणीही धड न पिता निघते. जो सगळ्यात दमलाय त्यालाच सगळ्यात कमी विश्रांती मिळते. पुढच्या थांब्यावर ती टेम्पोत बसलेली असते, आणि पुढच्या वर्षी सायकलचं नाव काढलं की तिला त्या दिवशी घरी काहीतरी काम निघतं.

यावर ‘आपापल्या वेगाने जा, किहीमला भेटू’ हा सल्ला फार दिला जातो. तो देऊ नका. वेगवान आणि मंद असे दोन गटही करू नका, कारण तरुण एकीकडे आणि पन्नाशीतले दुसरीकडे अशी ऑफिसातलीच फाळणी मग रस्त्यावर दिसते. सहा ते आठ जणांच्या तुकड्या करा, प्रत्येकीत निरनिराळ्या विभागांतली, निरनिराळ्या दमाची माणसं घाला आणि पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडा.

तुकडीच्या पुढे, म्हणजे लीडला, सगळ्यात जोरकस माणूस नको, एका लयीत चालवणारा हवा. ताशी १२-१४ किलोमीटर पुष्कळ झाले. सगळ्यात हळू चालवणारा त्याच्या लगेच मागे, दुसऱ्या जागी. तो मागे पडू लागला की लीडला लगेच कळतं, आणि बाकीच्यांना त्याच्या वेगाने चालावंच लागतं. शेवटी, स्वीपला, तुमचा सगळ्यात दमदार आणि सगळ्यात सबुरीचा माणूस ठेवा, पंप आणि ट्यूब घेऊन. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, आणि त्याने कुणाला ‘गिअर बदल, पाय मार’ असं शिकवायचं नाही. साहेबांना लीड देऊ नका. साहेबांना ‘जरा हळू घ्या’ म्हणायला कुणी धजावत नाही. त्यांना मध्ये ठेवा.

प्रत्येक वळणावर लीडच्या मागच्या तिसऱ्याने थांबायचं, हाताने दिशा दाखवायची आणि स्वीप आल्यावरच हलायचं. आवासच्या आतल्या गल्ल्यांत माणसं चुकतात ती हे न केल्यामुळे. आणि विश्रांतीचं घड्याळ स्वीप सायकलवरून उतरल्यावर सुरू होतं. तिथून पूर्ण दहा मिनिटं. हा नियम निघतानाच सगळ्यांना मोठ्याने सांगा, कारण पुढे तो पाळताना कुरकुर होतेच. मी त्यावर एक मिनिटही सोडत नाही.

टेम्पोने शेवटच्या सायकलीला चिकटून घरघरत यायचं नाही. त्याने मागच्या थांब्यावर उभं राहून फोनची वाट पाहायची. शर्यत नको, पहिल्या येणाऱ्याला बक्षीस तर मुळीच नको.

पहिला थांबा सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांच्या घरातल्या संग्रहालयापाशी घ्या. पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांचाच. दुसरा थांबा किहीमला. पुढे अलिबागला जायचं की इथून परतायचं, हे तुम्हीच ठरवा, प्रत्येक तुकडीतल्या दुसऱ्या जागेवरच्या माणसाकडे बघून. मत मागितलंत तर लाजेकाजेने सगळे ‘जाऊ’ म्हणतात. किहीमजवळच्या चोंढीनंतर मोठ्या रस्त्याला शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ असते. तिथे एकामागे एक, कानात काही नाही.

अलिबागला गेलातच तर ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा, कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. इंजिनिअर मंडळींना चुंबकीय वेधशाळाही दाखवा: मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने मोजमापं बिघडणार म्हणून ती १९०४ मध्ये मुंबईतल्या कुलाब्याहून इथे हलवली, हे ऐकून ती मंडळी खुलतात.

परतीला वाऱ्याचा विचार करा. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वायव्येकडून लागतो आणि मांडव्याकडे जाताना तो तोंडावर येतो. सकाळी सपाट वाटलेला रस्ता तेव्हा चढासारखा भासतो. म्हणून ऊन चढायच्या आत परत फिरा. अलिबागला जेवणार असाल तर सायकली आणि दमलेली माणसं सरळ गाडीतून मांडव्याला पाठवा. शेवटची तुकडी बोटीच्या तासभर आधी जेट्टीवर येईल असं गणित ठेवा, आणि बोटीत चढण्यापूर्वी माणसं आणि सायकली दोन्ही मोजा.