गुलमर्गला स्कीइंगला निघालात? बर्फाचा अंदाज वाचताना या चुका टाळा

डिसेंबर संपत आला की मुंबईतल्या ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुलमर्गच्या हवामानाचे स्क्रीनशॉट फिरायला लागतात. उणे सहा, ढगातून पडणाऱ्या बर्फाचं चित्र आणि खाली ‘चला, या वेळी बर्फ मिळणार!’ असा मेसेज. ही मंडळी नवखी नसतात. सह्याद्रीत वर्षानुवर्षं हिंडलेली, ढग बघून पाऊस ओळखणारी असतात. तरीही बर्फाच्या बाबतीत त्यांच्याकडून ठरावीक चुका होतात, कारण अ‍ॅप हवेबद्दल सांगतं आणि हिमस्खलनाचा धोका उतारावर आधीपासून साचलेल्या थरांमध्ये असतो. आजची हवा चांगली आणि आजचा उतार वाईट, असं एकाच दिवशी होऊ शकतं. बर्फात जाणाऱ्या प्रत्येकाला हे निघण्याआधी माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही फक्त खालच्या नर्सरी स्लोपवर शिकणार असाल तर हिमस्खलनाची चिंता जवळजवळ नाही. तुमच्यासाठी थंडी, वारा आणि टंगमर्गपासून वर येणारा रस्ता एवढंच महत्त्वाचं. ताजा बर्फ पडला की त्या घाटात टायरला साखळी लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडतात, तेव्हा परतीच्या विमानाच्या दिवशी हाताशी भरपूर वेळ ठेवा. पुढचं सगळं मुख्यतः गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, वर जाऊन मोकळ्या उतारांवर उतरू पाहणाऱ्यांसाठी.

एकच आकडा सगळ्या डोंगराला लावणे

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पुरता झाला नाही. दोन्ही ठिकाणं समुद्रालगत, एकाच शहरात. हे आपण मुंबईकर कधी विसरत नाही, पण ‘गुलमर्ग’ असं लिहिलेला एकच आकडा मात्र सगळ्या डोंगराचा म्हणून निमूट स्वीकारतो.

गुलमर्गचं पठार साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे सुमारे ३,१०० मीटरवर सोडतो आणि दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. गावात उणे दोन असताना वरच्या स्टेशनवर उणे दहाच्या आसपास असणार. त्यात ताशी तीस किलोमीटरचा वारा धरा, म्हणजे उघड्या कातडीला ते उणे वीससारखं लागतं. त्यामुळे अंदाज बघताना तो किती उंचीसाठी आहे हे आधी शोधा. पायथा, मधला टप्पा आणि माथा असे तीन वेगळे अंदाज देणाऱ्या सेवा आहेत, त्या वापरा. मार्चमध्ये तर गावात पाऊस आणि वर बर्फ असं सर्रास होतं, तेव्हा शून्य अंशाची रेषा, म्हणजे जिथून वर तापमान शून्याखाली जातं ती उंची, किती आहे तेही बघायला हवं.

मिलिमीटर बघून ‘एवढंच?’ म्हणणे

ही खास आपली चूक. जुलैत तीस मिलिमीटर पाऊस झाला तर मुंबईत कोणी छत्रीबद्दल बोलतसुद्धा नाही. पण बऱ्याच अ‍ॅपमध्ये हिमवर्षावही पाण्याच्या मिलिमीटरमध्येच दाखवतात आणि एक मिलिमीटर पाणी म्हणजे ढोबळमानाने एक सेंटिमीटर ताजा बर्फ. हवा खूप थंड असेल तर त्याहून जास्तच. म्हणजे ‘३० मिमी’ याचा अर्थ एका रात्रीत फूटभर बर्फ. सोबत वारा असेल, तर एका दिवसात एवढा बर्फ ही उभ्या उतारांपासून लांब राहण्याची पुरेशी खूण आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. हवामान खात्याचा सकाळी साडेआठचा चोवीस तासांचा आकडा हा होऊन गेलेल्या बर्फाचा असतो. तो अंदाज समजून कुणी पुढे पाठवला की ग्रुपवर गोंधळ होतो. पण हा मागचा आकडाच जास्त मोलाचा आहे. चार दिवसांत थोडा थोडा साठलेला चाळीस सेंटिमीटर बर्फ आणि एका रात्रीत कोसळलेला चाळीस सेंटिमीटर बर्फ यांत फार फरक आहे, कारण खालच्या थराला वजन पेलायला वेळ मिळाला की नाही हे त्यावर ठरतं. निघण्याआधी किमान आठवडाभराची नोंद वहीत उतरवून घ्या. किती पडला, वारा कुठून आणि किती होता, मध्ये तापमान एकदम चढलं का?

निळं आकाश दिसलं की निघणे

काश्मीरचा हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. एक झंझावात येतो, दोन-तीन दिवस सगळं झाकोळून टाकतो आणि निघून जातो. मग लख्ख ऊन पडतं, समोर पांढराशुभ्र डोंगर उभा असतो आणि परतीचं विमान परवाचं असतं. स्की करणाऱ्यांना मोहात पाडणारा हाच दिवस आणि अनेकदा सर्वात धोक्याचाही हाच. वरून पडायचं थांबलं म्हणजे खाली थर जुळून आले असं होत नाही. निदान एक-दोन दिवस द्यावेच लागतात आणि थर मुळातच कच्चा असेल तर तेवढेही पुरत नाहीत.

मुंबईहून चार-पाच दिवसांचं गणित मांडून जाणाऱ्यांचं इथे नेमकं चुकतं. शुक्रवारी रात्री निघायचं, मंगळवारी कामावर हजर, मधले दिवस ठरलेले. अशा वेळी डोंगराने होकार दिला नाही तरी माणसं निघतात. सुट्टी आखतानाच दोन दिवस मोकळे ठेवा आणि वर न जाण्याच्या दिवशी काय करायचं हेही आधीच ठरवा.

वाऱ्याला फक्त थंडीशी जोडणे

बर्फ एक कणही पडत नसताना वारा उतार धोकादायक करू शकतो. साधारण ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे कोरडा ताजा बर्फ हलायला लागतो. तो धारेच्या वाऱ्याकडच्या बाजूने उचलला जातो आणि आडोशाच्या बाजूला जाऊन बसतो. तिथे त्याचा कडक, एकसंध थर होतो, त्याला स्लॅब म्हणतात. पाय ठेवल्यावर हा थर घट्ट लागतो आणि त्यामुळेच फसवतो. तो तुटला की खोलीभर रुंद तुकडा नव्हे, अख्खा उतार एकदम सुटतो. अंदाजात ‘हिमवर्षाव शून्य, वारा ४५’ असं असलं की लोक खूश होतात. मला त्या ४५ चीच काळजी वाटते.

‘यंदा बर्फ कमी, म्हणजे धोका कमी’

हा गैरसमज मला सर्वात जास्त छळतो, कारण तो पूर्णपणे तर्काला धरून वाटतो.

२१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस काश्मीरमध्ये चिल्लई कलां म्हणून ओळखले जातात, सर्वात कडक थंडीचे. या काळात भरपूर बर्फ पडायला हवा. पण काही वर्षं तो पडतच नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं आणि २०२५ मध्ये बर्फाअभावी तिथले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले.

अशा कोरड्या काळात आधी पडलेल्या पातळ थराचं काय होतं? त्याच्या खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते आणि वरची हवा उणे दहा-पंधरा. थर जेमतेम तीस-चाळीस सेंटिमीटरचा असेल तर तेवढ्या जाडीत तापमानात खूप मोठा फरक पडतो. त्या फरकामुळे खालून वाफ वर सरकत राहते आणि बर्फाच्या कणांचं रूप बदलतं. ते मोठे, कंगोरेदार, साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होतात. मुठीत दाबून त्यांचा गोळा होत नाही. जाड थरात हे इतक्या जोरात होत नाही, कारण तोच फरक मीटर-दीड मीटरमध्ये विभागला जातो. म्हणून कमी बर्फाचा हिवाळा कच्चा पाया तयार करतो. मग फेब्रुवारीत मोठा झंझावात येतो आणि या सुट्या दाण्यांवर दोन-तीन फूट नवा बर्फ रचून जातो. वरून सगळं भरगच्च आणि सुंदर दिसतं.

२२ फेब्रुवारी २०२४ ला कोंगडोरीच्या परिसरात हिमस्खलनात एक रशियन स्कीअर दगावला. कोरड्या जानेवारीनंतरचे ते दिवस होते आणि लागूनच आधी खोऱ्यात जोरदार बर्फ पडला होता. त्याआधी १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर गेले. बर्फाच्या देशांतून आलेल्या माणसांवर ही वेळ येते, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

हा कच्चा थर अ‍ॅपवर दिसत नाही. तो दिसतो फावड्याने खड्डा खणल्यावर आणि कळतो तिथे रोज फिरणाऱ्यांना. स्की पेट्रोलला, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या सुरक्षा पथकाला, आणि स्थानिक गाईडला थेट विचारा, ‘खाली सुटे दाणे आहेत का? शेवटचा उतार कधी सुटला, कोणत्या बाजूचा?’ चालताना पायाखालून धप्प असा दबका आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून बर्फात चीर धावत गेली, तर पुढचा विचार करायचा नाही. मागे फिरायचं.

इशारा वाचला, पण आपला नाही असं समजणे

हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओच्या चंडीगडच्या डीजीआरई या संस्थेच्या अभ्यासावरून निघतात. पूर्वीची ‘सासे’ ही संस्था हिच्यातच सामावली आहे. जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण ते लोकांपर्यंत पोचवतं. इशारा साधारण अशा धर्तीचा असतो: अमुक जिल्ह्यांत, २,२०० मीटरच्या वर, पुढच्या चोवीस तासांत मध्यम धोक्याच्या हिमस्खलनाची शक्यता. त्यात गुलमर्ग हा शब्द शोधाल तर बहुधा सापडणार नाही. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं, तेव्हा बारामुल्ला शोधा आणि उंचीचा आकडा बघा. २,२०० च्या वर म्हणजे गुलमर्गचं गावसुद्धा त्यात आलं.

आणि ‘मध्यम’ वाचून निश्चिंत होऊ नका. युरोपात धोक्याच्या पाच पातळ्या मानतात आणि तिथल्या नोंदींनुसार मृत्यूंचा सर्वात मोठा वाटा मधल्या, तिसऱ्या पातळीच्या दिवशींचा आहे. चौथ्या-पाचव्या पातळीला माणसं घरात बसतात, तिसऱ्याला बाहेर पडतात. जिल्ह्याचा इशारा हा मोठ्या भागाची सरासरी असतो, तुमच्या समोरचा उतार त्याहून वाईट असू शकतो.

गोंडोला सुरू आहे म्हणून

दुसरा टप्पा उघडला याचा अर्थ केबिन सुरक्षित चालवता येतेय, एवढाच. वर उतरल्यावर गोंडोलाखालच्या मुख्य ‘बोल’वर, म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट उतारावर, स्की पेट्रोलची नजर असते. हद्दीची दोरी ओलांडून डावी-उजवीकडे गेलात की ती हमी नाही. समोर दहा जणांच्या स्कीच्या रेघा दिसल्या तरी अकरावा माणूस थर जिथे पातळ आहे नेमका तिथून जाऊ शकतो. हिमस्खलनात सापडलेल्यांपैकी बहुसंख्य वेळा तो उतार त्यांनीच किंवा त्यांच्या सोबत्यांनी सोडवलेला असतो.

सह्याद्रीची सवय

कोकणातून घाटमाथ्यावर चढताना आपण नाळ शोधतो. दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये वाट, उन्हापासून आडोसा. बर्फात ही सवय जीवघेणी आहे. वरचे सगळे उतार नाळेतच रिकामे होतात आणि छोटं हिमस्खलनसुद्धा तिथे माणसावर दोन-तीन मीटर बर्फ रचतं. बर्फात सोंडेवरून जावं, नाळ टाळावी आणि टाळता येत नसेल तर एकेकानेच, वर लक्ष ठेवून पार करावी.

चढाचा कोनही मोजायला शिका. बहुतेक स्लॅब तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात. स्कीचा पोल उताराच्या दिशेने, वरून खाली असा बर्फावर टेकवून त्यावर मोबाइल ठेवला तर कोन मोजणारं साधं अ‍ॅपही पुरतं. शंका असेल त्या दिवशी तीस अंशांखालचे उतार घ्या, मात्र डोक्यावर उभा उतार नाही हे बघूनच.

अडचणी आल्या तर

दोन अ‍ॅप वेगळं सांगत असतील तर सरासरी काढू नका. वाईट सांगणारं खरं मानून बेत करा. काल कोणाचा अंदाज जमिनीवरच्या बर्फाशी जुळला होता, हे हॉटेलबाहेर रोज सकाळी एक काठी रोवून मोजलं तरी कळतं.

नेटवर्कचं म्हणाल तर मुंबईचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. तेही वर मिळेलच असं नाही, तेव्हा सकाळचा अंदाज आणि इशारा खालीच वाचून, ठरवूनच केबिनमध्ये बसा.

ग्रुपमधला एक जण नको म्हणत असेल आणि बाकीचे हो, तर नको म्हणणाऱ्याचं ऐकायचं, हा नियम मुंबईतून निघण्याआधी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. वर उभं राहून हे ठरत नाही.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, एका ग्रुपमध्ये एक संच नव्हे. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहापैकी नऊ जण वाचतात. अर्ध्या तासावर गेलं की साधारण तीनपैकी एकच. खालून मदत येईपर्यंत ही वेळ निघून जाते, म्हणून शोधणारे तुम्हीच. घरी असताना शिवाजी पार्कात किंवा सोसायटीच्या मैदानात ट्रान्सीव्हर लपवून शोधायचा सराव करा. तो ४५७ किलोहर्ट्‌झवर चालतो आणि मोबाइल, स्मार्टवॉच, बॅटरीचे गरम हातमोजे त्यात व्यत्यय आणतात. ही उपकरणं त्याच्यापासून किमान वीस सेंटिमीटर आणि शोधताना पन्नास सेंटिमीटर लांब ठेवा. वरच्या स्टेशनवर उतरलात की प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर सिग्नल पाठवतोय ना हे एकमेकांकडून तपासून घ्या आणि मगच बूट स्कीत अडकवा.