आईच्या सेवांसाठी पाठपुरावा करताना मी स्वतःला कसं सांभाळलं

आईला घरी येणाऱ्या नर्सचे तास वाढवून हवे होते. त्यासाठी सेवा मंजूर करणाऱ्या कार्यालयात फोनाफोनी, अर्ज, पुन्हा फोनाफोनी. रात्री झोप लागेना, रिंग वाजली की छातीत धस्स व्हायचं.

मग पाठपुराव्याला वारच ठरवून टाकले: मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी. इतर दिवशी आलेलं पत्र, तातडीचं नसेल तर, फक्त फाइलला लावायचं.

खरा फरक पडला तो वहीमुळे. प्रत्येक फोननंतर तारीख, समोरच्याचं नाव, अर्ज क्रमांक, काय कबूल केलं, कधीपर्यंत. लगेच दोन ओळींचा ईमेल: 'आज आपलं असं बोलणं झालं.' तिकडचा माणूस बदलला तरी पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही. शिवाय वही भावाच्या हातात देता आली. नुसतं 'मदत कर' म्हटल्यावर कुणाला काय करायचं ते कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टरांनी माझ्याकडून झॅरिटची प्रश्नावली भरून घेतली. काळजी घेणाऱ्यावरचा ताण मोजणारे 22 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण. तो निकाल अर्जाला जोडला आणि मला अधूनमधून सुटी मिळावी म्हणून बदली माणूसही मागितला. बदली मंजूर झाली. नर्सचे तास वाढवून मिळावेत म्हणून केलेलं अपील अजून चालू आहे.