नेट सारखं तुटतंय? नेटवाल्याला बोलवायच्या आधी एवढं करून ठेवा

नेट तुटायला लागलं की पहिला फोन नेटवाल्या पोराला जातो, आणि तो येतो तेव्हा नेमकं नेट झक्कास चालू असतं, मग तो राऊटर बंद करून चालू करतो, चहा घेतो, "आता बघा, काय झालं तर सांगा" म्हणून जातो आणि संध्याकाळी परत तेच. त्यामुळं तो यायच्या आधी एकच गोष्ट शोधून ठेवायची, तुटतंय ते घरातलं वायफाय की बाहेरनं येणारी लाईन. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

सुरुवात फुकटातली. नेट कधी गेलं, कधी आलं, त्यावेळी पाऊस होता का, लाईट गेलेली का, एवढं मोबाईलमध्ये दोन-तीन दिवस लिहीत जा. फक्त पावसात जात असेल तर बाहेरच्या जोडावर संशय घ्या, रोज रात्री सगळी घरी आल्यावर जात असेल तर वायफायची गर्दी नाहीतर लाईनवरचा लोड. आणि नेट जाईल त्या क्षणी राऊटर बंद न करता आधी त्याच्या दिव्यांचा फोटो काढायचा. फायबर (काचेच्या बारीक तारेतनं उजेडावर चालणारी लाईन) असेल तर ती ज्याला जोडलेली असते त्या डब्यावर पॉन (PON) आणि लॉस (LOS) असे दोन दिवे असतात, लॉस लाल झाला म्हणजे तुमच्यापर्यंत उजेडच पोचत नाही, मग तुम्ही घरात कितीही बटणं दाबा, उपयोग शून्य. पॉन नुसता लुकलुकत राहिला तर डबा पलीकडच्या मशीनशी जोडायला बघतोय पण जमत नाही. दोन्ही दिवे नीट असून नेट नाही तर गोष्ट वेगळी, ती पुढं.

आता लॅनची एक वायर शोधा, बहुतेक राऊटरच्या बॉक्समध्येच पिवळी नाहीतर राखाडी वायर पडलेली असते. ती लॅपटॉपला जोडा, वायफाय बंद करा आणि विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) दोन पिंग चालू ठेवा, पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतंय का बघायचं, एक राऊटरच्या पत्त्यावर (मागच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१) आणि दुसरा ८.८.८.८ वर (हा गुगलचा, बाहेरच्या नेटवरचा पत्ता), मागं डॅश टी (-t) लावला की थांबवेपर्यंत चालू राहतंय. राऊटरचं उत्तर येतंय आणि ८.८.८.८ चं थांबलं तर फॉल्ट राऊटरच्या पुढं, म्हणजे नेटवाल्याचा. वायरवर दोन्ही ठणठणीत आणि मोबाईलवर मात्र तुटतंय तर वायफाय. आणि वायरवरसुद्धा राऊटरच उत्तर देईना तर राऊटर स्वतःच बंद-चालू होतोय नाहीतर हँग होतोय. स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्याच्यापुढं वाद चालत नाही.

राऊटर रिस्टार्ट होतोय का हे बघायला अजून एक सोपी जागा आहे जी कुणी बघत नाही. तोच पत्ता ब्राऊजरमध्ये टाकून लॉगिन करा, स्टेटसच्या पानावर अपटाईम दिसतो, म्हणजे राऊटर किती वेळ न थांबता चालू आहे ते. तुम्ही हात लावला नाही आणि अपटाईम वीस मिनिटं दाखवत असेल तर बहुतेक अडॅप्टर गेलाय, माझ्या मते जुन्या राऊटरचा निम्मा त्रास अडॅप्टरचाच असतो आणि लोक नवा राऊटर घेऊन येतात. बदलताना व्होल्ट तेवढेच पाहिजेत, १२ ला १२, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. मिनी यूपीएस लावला असेल तर तो काढून थेट बोर्डाला लावून एक दिवस बघा. अपटाईम मोठा पण वॅनचा (बाहेरनं येणाऱ्या नेटचा) टाईम छोटा, असं असेल तर लाईन. फायबरच्या डब्यात त्याच पानावर आरएक्स पॉवर (आत येणाऱ्या उजेडाची ताकद) दिसली तर तीही लिहून घ्या, साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम चालतंय पण उणे २५ च्या खाली गेली की काठावर समजा.

मग वायरीचा माग काढत खिडकीपर्यंत जा. फायबर कपाटामागं दाबलीय का, कोपऱ्यात काटकोनात मोडलीय का, कुणी खिळ्याला गुंडाळलीय का. हिरवा कनेक्टर ओढून बघू नका, टोकाला बोट लावू नका, आणि आत डोळा तर अजिबात घालू नका, तो उजेड दिसत नाही पण लेझर असतो. बाहेर खांबावर काय झालंय ते लांबनं बघा, गणपतीत कोल्हापुरात राजारामपुरी किंवा महाद्वार रोडच्या बाजूला राहत असाल तर उंच मूर्तीसाठी वायरी उचलल्या-ताणल्या जातात. अपार्टमेंटमध्ये खालच्या स्विचवरनं लॅन आली असेल तर त्या स्विचला लाईट आहे का हे आधी विचारा, जिन्यातली लाईट गेली की तुमचा इन्व्हर्टर काय करणार.

वायफायच निघालं तर नेटवाल्याला बोलवूच नका. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड, सोप्यातला राऊटर मागच्या खोलीत पोचणार कसा. तो मध्ये आणि उंचावर ठेवा, टीव्हीमागनं काढा. राऊटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल ऑटोवरनं काढून १, ६ किंवा ११ पैकी जिथं शेजारी कमी तिथं ठेवा, जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ वापरा.

तो बारीक भोकातला रिसेट पिन घालून दाबायचा न्हाई. लाईनचा युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन (नेटवाल्यानं टाकलेला लाईनचा नंबर) सगळं उडतंय आणि मग रविवारी कुणी फोन उचलत नाही. ही सेटिंग असलेल्या पानाचा आधी फोटो काढून ठेवा, स्टिकरवरचा सिरीयल नंबरपण. आणि तक्रार करताना पोराच्या पर्सनल नंबरवर न करता कस्टमर केअरला करून डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या, काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडं (तक्रारीवर अपील ऐकणारा) जाता येतं, पण तिथं पहिल्यांदा डॉकेट नंबरच मागतात.