पडद्यावरची बंदूक खोटी का वाटते? गुन्हेपट करताना या चुका टाळा

‘गोळीबाराचा सीन झालाय झकास, पण काहीतरी खोटं वाटतंय.’ एडिटला बसलं की ही तक्रार हमखास येते. मग आवाज वाढवतात, धूर वाढवतात, कॅमेरा हलवलेला दाखवतात. तरी खोटेपणा जात नाही, कारण दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं असतं. पटकथेत ‘तो बंदूक काढतो’ एवढंच लिहिलेलं असतं. कुठली बंदूक, ती त्याच्याकडे आली कुठून आणि त्याला ती चालवायची सवय आहे का, हे लेखकानं ठरवलेलं नसतं. मग आर्टवाला भाड्याच्या दुकानात जे काळंकभिन्न आणि रुबाबदार दिसेल ते उचलून आणतो आणि नाशिकचा भुरटा चोर हातात ग्लॉकसारखं परदेशी पिस्तूल घेऊन फिरायला लागतो.

तेव्हा सगळ्यात मोठी चूक तीच: बंदूक दिसण्यावरून निवडणं.

कोणाच्या हातात काय शोभतं

आपल्याकडच्या पेपरात रोज येणारी बातमी आठवा: ‘गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त.’ गल्लीतल्या पोराकडे सापडतं ते हे. कट्टा म्हणजे एकनळी, एका वेळी एकच गोळी. .३१५ किंवा बारा बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) काडतूस घालायचं, उडवायचं, नळी उघडायची, पुंगळी म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच नखानं किंवा काडीनं उपसून काढायची, मग दुसरं काडतूस. पडद्यावर मात्र कट्ट्यातून धडाधड चार गोळ्या सुटतात. खरं तर कट्ट्याची ही अडचण म्हणजे लेखकाला आयतं मिळालेलं नाट्य आहे. पहिली गोळी चुकली, समोरचा माणूस अंगावर धावून येतोय आणि पुंगळी नळीत अडकलीय. यापेक्षा चांगला सीन ग्लॉक देणार नाही. त्यात कट्टा चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर दिसली तर सोन्याहून पिवळं.

जरा वरच्या टोळीकडे गावठी पिस्तूल असतं, मॅगझिनवालं, म्हणजे गोळ्यांचा खण मुठीत बसणारं. पुण्यात पकडली जाणारी बरीच पिस्तुलं मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या बडवानी-खरगोन पट्ट्यातून येतात, काही बिहारमधल्या मुंगेरहून. त्यांच्यावर परदेशी छाप ठोकलेला असतो, कधी स्पेलिंग चुकलेला. क्लोजअपमध्ये असा चुकलेला छाप दाखवला की पात्राचा अर्धा इतिहास न बोलता कळतो.

दुसरं टोक म्हणजे परवानाधारक बिल्डर किंवा ज्वेलर. त्याच्या ड्रॉवरमधून ९ मिमी पिस्तूल निघालं की जाणता प्रेक्षक हसतो. आपल्या कायद्यानं ९ मिमी, .३८, .४५, .३०३ ही प्रतिबंधित बोअर आहेत आणि सामान्य नागरिकाला त्यांचा परवाना मिळत नाही. त्याच्याकडे असणार .३२ चं रिव्हॉल्व्हर, बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, नाहीतर घरात बारा बोअरची दुनळी. त्याच्याकडून ९ मिमी निघालंच, तर ते बेकायदा आहे हे कथेतल्या पोलिसाला कळलं पाहिजे. बघा, एका बोअरवरून कथेला वळण मिळतं.

साल तपासा

मुंबईच्या टोळीयुद्धावर काहीही करायचं म्हटलं की सगळ्यांना एके-४७ हवी असते. ही रायफल मुंबईच्या गुन्हेगारीत ठळकपणे दिसली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. लोखंडवालाची चकमक नोव्हेंबर १९९१ ची, जेजे हॉस्पिटलमधला गोळीबार सप्टेंबर १९९२ चा. त्याआधीचा काळ रामपुरी, चॉपर, तलवार आणि मोजक्या रिव्हॉल्व्हरांचा. सत्तरच्या दशकातल्या डोंगरीत पोरं एके घेऊन पळताना दाखवणं म्हणजे शुद्ध आळस.

पिस्तुलांचंही तेच. गँगस्टर मन्या सुर्वेची चकमक वडाळ्यात ११ जानेवारी १९८२ ला झाली. ग्लॉक नावाचं पिस्तूल ऑस्ट्रियाच्या लष्करानं पहिल्यांदा स्वीकारलं ते त्याच वर्षी. त्यामुळे त्या काळातल्या इन्स्पेक्टरच्या हातात ग्लॉक दिला, की बाकी तुम्ही पद्मिनी टॅक्सी, इराणी हॉटेल, बेलबॉटम कितीही जमवा, सगळं पाण्यात. तेव्हाच्या अधिकाऱ्याला रिव्हॉल्व्हर द्या, चामड्याचं झाकणवालं होल्स्टर द्या आणि रिव्हॉल्व्हरच्या मुठीला अडकवलेली दोरी विसरू नका.

एके-५६ म्हणून आपल्याकडे जी ओळखली जाते ती एकेची चिनी आवृत्ती. ओळखायची खूण सोपी आहे: नेम धरायची पुढची माशी रशियन बंदुकीत दोन कानांमध्ये उघडी असते, चिनीत ती पूर्ण गोल कड्यात बंद असते. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यांवर काही करत असाल आणि संवादात ‘छप्पन’ असेल, तर पडद्यावर ते कडं दिसू द्या.

पोलिसांकडेही सगळीकडे सारखंच सामान नसतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवरच्या रेल्वे पोलिसांकडे .३०३ होत्या, गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर तुकाराम ओंबळ्यांच्या हातात लाठी होती. नवी शस्त्रं, फोर्स वन हे राज्य पोलिसांचं कमांडो पथक, हे सगळं त्यानंतरचं. २००५ सालच्या पोलिस ठाण्यातला हवालदार कमांडोसारखा सजवला की तो हवालदार राहत नाही.

यंत्र कसं चालतं ते एकदा हातात घेऊन बघा

आता त्या चुका, ज्या शाळकरी पोरंसुद्धा मोबाइलवर थांबवून पकडतात.

ग्लॉकला बाहेरून दिसणारा घोडा नसतो आणि अंगठ्यानं सरकवायचा सेफ्टीचा खटकाही नसतो. तरी व्हिलननं ग्लॉक डोक्याला लावला की ‘खट्’ असा घोडा चढवल्याचा आवाज येतोच. साउंडवाल्याचा दोष नाही, त्याला बंदूक कुठली ते कोणी सांगितलेलंच नसतं. शस्त्रांची एक यादी, फोटोसकट, साउंडवाल्याकडे पहिल्याच दिवशी गेली पाहिजे.

रिव्हॉल्व्हरमधून पुंगळ्या उडत नाहीत, त्या चक्रातच राहतात आणि नंतर एकदम खाली ओतल्या जातात. व्हीएफएक्सवाला उत्साहात उडवून देतो. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावणंही जवळपास निरर्थक, कारण चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून आवाज बाहेर पडतोच.

पिस्तुलातली शेवटची गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागेच अडकून राहते. म्हणजे हीरोनं रिकामं पिस्तूल पुन्हा पुन्हा दाबून ‘टिक टिक’ करणं रिव्हॉल्व्हरला चालतं, बहुतेक पिस्तुलांना नाही. डमीची, म्हणजे नकली बंदुकीची, स्लाइड मागे अडकत नसेल तर शॉटची रचना बदला. हात कॅमेऱ्याआड जाऊ द्या.

गोळ्या मोजा. आपल्या ईशापूरच्या ९ मिमी पिस्तुलात १३, रिव्हॉल्व्हरमध्ये साधारण ६, एकेच्या मॅगझिनमध्ये ३०. एकेचा वेग मिनिटाला ६०० गोळ्यांचा, म्हणजे चाप दाबून धरला तर अख्खं मॅगझिन तीन सेकंदांत खल्लास. पडद्यावर वीस सेकंदांचा अखंड मारा दिसतो. तीन सेकंद, मग शांतता, मग घाईघाईत मॅगझिन बदलणं, ही लय घेऊन सीन बांधा. १९९५ च्या ‘हीट’ या हॉलिवूडपटातली लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरची चकमक अजून लोक दाखल्यासाठी काढतात, ती याच कारणासाठी. नटांना ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या कमांडो दलाच्या माजी सैनिकांनी शिकवलं होतं. पळता पळता मॅगझिन बदलणं तिथे अभिनयाचाच भाग झालंय.

एक खास आपल्याकडची चूक सांगतो. पोलिसांची जुनी कार्बाइन, जिचं मॅगझिन डाव्या बाजूला आडवं बाहेर येतं. नट हमखास ते मॅगझिनच मूठ समजून पकडतो. त्यानं काडतूस नीट चढत नाही, बंदूक अडते. डावा हात नळीभोवतीच्या भोकंवाल्या आवरणावर हवा. आणि .३०३ असेल तर दर गोळीनंतर बोल्ट (बाजूचा खिट्टीसारखा दांडा) ओढावा लागतो. हवालदार बोल्टला हातही न लावता तीन फैरी झाडतो तेव्हा पोलिस खात्यातले प्रेक्षक टीव्ही बंद करतात.

बोट चापावर आहे की बाहेर, हेही ठरवून करा. शिकलेला अधिकारी नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवतो. नवशिका पोरगा सतत चापावर ठेवतो, बोलताना बंदुकीनं हातवारे करतो. दोघं एकाच फ्रेममध्ये असतील तर संवादाची गरज नाही.

ठिणगी, आवाज आणि उडणारी माणसं

हल्ली बहुतेक छोट्या निर्मितीत डमी वापरतात आणि नळीतला जाळ नंतर घालतात. निर्णय शहाणपणाचा आहे. अंमलबजावणी मात्र फार वाईट असते. प्रत्येक गोळीला तोच तयार जाळ, तोच आकार, तीन-चार फ्रेम टिकणारा. खरा जाळ काही हजारांश सेकंदांचा असतो. सेकंदाला २४ फ्रेम आणि नेहमीचं शटर धरलं, तर निम्मा वेळ शटर बंदच असतं. म्हणजे खऱ्या ब्लँकच्या (गोळी नसलेल्या, नुसता जाळ आणि आवाज करणाऱ्या काडतुसांच्या) शूटिंगमध्ये काही गोळ्यांचा जाळ कॅमेऱ्यात येतच नाही, आणि आला तर एकाच फ्रेममध्ये. तेव्हा पाच गोळ्यांपैकी दोनांना जाळ देऊ नका, उरलेल्यांना एकेकच फ्रेम द्या, प्रत्येकाचा आकार वेगळा. आणि रात्रीचा सीन असेल तर तो प्रकाश नटाच्या गालावर, मागच्या भिंतीवर पडला पाहिजे. सेटवर एक छोटा फ्लॅश लाइट गोळीच्या क्षणी उडवला की निम्मं काम तिथेच होतं.

हाताला धक्का बसलेला दिसत नसेल तर मात्र कुठलाही जाळ वाचवू शकत नाही. डमी हलकी असते, नट ती खेळण्यासारखी हलवतो. मॅगझिनमध्ये शिसं भरून वजन वाढवा. मनगट आपोआप खरं वागायला लागतं.

आवाजाबाबत एकच: जागा ऐकू आली पाहिजे. चाळीच्या चौकातली गोळी, पार्किंगमधली गोळी आणि माळरानावरची गोळी सारखी वाजूच शकत नाही. ‘हीट’मध्ये स्टुडिओतले आवाज बाजूला ठेवून प्रत्यक्ष रस्त्यावर, इमारतींवर आदळून परतलेले आवाज वापरले, म्हणून ती चकमक अंगावर येते. सायलेन्सरचा ‘फुस्स’ हा निव्वळ सिनेमाचा शोध. सायलेन्सर लावूनही पिस्तूल शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतकं वाजतं.

गोळी लागलेला माणूस मागे उडत नाही. ९ मिमीची गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ३६० मीटर. ७० किलोच्या माणसाला तिनं मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ४ सेंटिमीटर. माणूस जागच्या जागी कोसळतो, किंवा गोळी लागल्याचं न कळून चार पावलं चालतो. हे दुसरं जास्त भयंकर दिसतं. मोटारीच्या दारामागे लपून गोळ्या चुकवणं, गोळी लागताच गॅस सिलिंडरचा स्फोट, यावर शब्द खर्च करत नाही.

गोळीबार संपल्यावर

इथे आपले गुन्हेपट फार घाई करतात. चकमकीनंतर पंचनामा होतो. पुंगळ्या वेचून, मोजून, सील होतात, कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. पुंगळीच्या बुडावरचा फायरिंग पिनचा ठसा कुठल्या बंदुकीचा हे तिथे जुळवतात. पोलिसानं झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब त्याला द्यावा लागतो. सात गोळ्या सुटल्या आणि सहाच पुंगळ्या सापडल्या, यावर एक अख्खा एपिसोड उभा राहील. आणि तपास अधिकाऱ्यानं बंदूक नळीत पेन घालून उचलायची, ही जुनी खोड आता सोडा. नळीतले पुरावे त्यानं बिघडतात.

सेटवरची चूक परत सुधारता येत नाही

वरच्या चुकांनी सिनेमा हास्यास्पद होतो. पुढच्यांनी माणसं गेली आहेत.

ब्लँक म्हणजे निरुपद्रवी, हा समज पहिला. ब्लँकमध्ये गोळी नसते, पण दारू असते, तोंडाला बूच असतं आणि जवळून निघणारा वायू हाड फोडतो. ऑक्टोबर १९८४ मध्ये अमेरिकन नट जॉन-एरिक हेक्समनं दोन शॉटच्या मधल्या वेळेत गंमत म्हणून ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. तो वाचला नाही.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. ३१ मार्च १९९३ ला अमेरिकन नट ब्रँडन लीचा सेटवर जीव गेला तो दोन वेगवेगळ्या दिवसांच्या चुका जुळल्यामुळे. क्लोजअपसाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी बनवली होती, पण बुडातली टोपी (दारू पेटवणारा भाग) जिवंत राहिली. ती उडाली तेव्हा गोळी नळीत अर्ध्यावर अडकली, कोणी नळी तपासली नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं आणि त्या दारूनं अडकलेली गोळी बाहेर फेकली.

तिसरा अलीकडचा. २१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स ठार झाल्या. रिव्हॉल्व्हरमध्ये खरं काडतूस होतं आणि सेटवर सांगितलं गेलं होतं की बंदूक रिकामी आहे. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या आर्मररला २०२४ मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली.

म्हणून डमी काडतूस हातात आलं की कानाशी हलवून बघा: आत छर्रे खुळखुळले पाहिजेत, किंवा बाजूला आरपार भोक दिसलं पाहिजे. दोन्हीपैकी काहीच नसेल तर ते सेटवरून बाहेर. प्रत्येक शॉटआधी नळीतून टॉर्च मारून आरपार बघायचं, ते नटालाही दाखवायचं. नेम नेहमी माणसाच्या बाजूला धरायचा, कॅमेऱ्याचा कोन उरलेलं काम करतो. ब्लँक वापरायचीच असतील तर परवानाधारक पुरवठादार आणि त्याचा माणूस सेटवर हवाच. ‘फाइट मास्टर बघून घेईल’ हे उत्तर चालणार नाही, त्याच्या डोक्यावर दहा कामं असतात.

शेवटचं, रस्त्यावरच्या शूटिंगचं. डमी हातात घेतलेला नट चहाच्या टपरीवर गेला की लोक पोलिसांना फोन लावतात, पूर्वी शंभर नंबरला, हल्ली ११२ ला. स्थानिक पोलिस ठाण्याला तारीख, वेळ, जागा आणि डमींची संख्या लेखी कळवा, पत्राची प्रत प्रॉडक्शन मॅनेजरच्या खिशात ठेवा. कट म्हटल्यावर बंदुका आधी पेटीत, मग चहा. पेटीची किल्ली एकाच माणसाकडे, आणि पॅकअपला मोजणी झाल्याशिवाय टेम्पो हलवायचा नाही.