नवा ब्राउझर खरंच वेगळा आहे का? असं तपासा

क्रोमला पर्याय म्हणून एज, ब्रेव्ह, ऑपेरा किंवा विवाल्डी घेतला, तरी आत इंजिन (वेबपानं पडद्यावर मांडणारा भाग) क्रोमचंच, ब्लिंक.

१. कॉम्प्युटरवर ॲड्रेस बारमध्ये इंग्रजी अक्षरांत क्रोम://व्हर्जन टाइप करून एंटर दाबा.
२. आवृत्ती क्रमांकांचं पान उघडलं, तर तो क्रोमच्याच कुळातला. फायरफॉक्समध्ये ते पान उघडतच नाही.

खरोखर वेगळं इंजिन हवं असेल तर फायरफॉक्स (गेको) घ्या; रोजच्या कामाला माझ्या मते तोच बरा. पेल मून (गोआना) आणि छोटासा नेटसर्फही आहेत, पण नेटसर्फवर बँकेची कामं होतील अशी आशा ठेवू नका. लिनक्सवर ग्नोम वेब हा ब्राउझर वेबकिट या इंजिनवर चालतो.

सावधान: भारतात आयफोनवर फायरफॉक्स टाकला तरी आत ॲपलचं वेबकिटच असतं.