लग्नाच्या शालूवर मसालेभाताचा डाग: घरच्या घरी कसा काढायचा

गेल्या वैशाखात भाचीचं लग्न ठाण्यात, नौपाड्यातल्या एका हॉलवर झालं. पंगतीत मसालेभाताची चार शितं तिच्या मोतिया रंगाच्या शालूवर सांडली, तीही नेमकी निऱ्यांवर. एक मावशी लगबगीने तिला बेसिनपाशी घेऊन गेल्या आणि तिथली साबणाची वडी लावून त्यांनी डाग चोळला. पेराएवढा पिवळा डाग डोळ्यांदेखत तांबडा झाला. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मावशींची माया खरी होती, चूक साबणाची होती. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं रंगद्रव्य, क्षारात तांबडं होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर, आणि साबणाची वडीही क्षारीयच असते. रेशीम तर आपल्या केसांसारखं प्रथिनांचं बनलेलं असतं. कपड्यांचा साबण, वॉशिंग सोडा आणि विशेषतः ब्लीच त्याचा धागाच खातात. म्हणून रेशमाच्या शालूला आणि पैठणीला यातलं काहीही लावू नका.

हॉलवर फक्त एवढंच करा. आहेराच्या पाकिटाच्या कडेने शितं अलगद उचला, कोरडा टिश्यू वरून दाबा आणि सोडून द्या. पाणी नाही, चोळणं नाही. निऱ्या थोड्या फिरवून खोचल्या की डाग आत जातो आणि फोटो निर्धास्त काढता येतात.

घरी आल्यावर डागाचा भाग एकेरी करून टेबलावर पसरा आणि त्याखाली जुन्या पांढऱ्या सुती कापडाची घडी ठेवा. मसालेभाताच्या डागात दोन गोष्टी असतात, तेल आणि हळद. आधी तेल काढायचं. पांढरी टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर डागावर जाडसर पसरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी मऊ ब्रशने अलगद झटका. कापड उजेडासमोर धरा. डागाच्या जागी ते अजून तेलकट कागदासारखं पारदर्शक दिसत असेल तर पावडर पुन्हा लावा. भाचीच्या शालूला दोन रात्री लागल्या. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं फुकट जातं.

आता हळद. कर्क्युमिन थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिटची छोटी बाटली आणा. पण आधी कमरेत खोचतो त्या टोकावर एक थेंब टाकून पांढऱ्या कापसाने टिपून बघा. कापसाला साडीचा रंग लागला, तर घरचे प्रयोग तिथेच थांबवा.

रंग पक्का असेल तर खिडकी उघडा, गॅस आणि देव्हाऱ्यातला दिवा बंद असल्याची खात्री करा, कारण स्पिरिट पटकन पेट घेतं. कापूस जेमतेम ओला करून डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत या. टिपायचं, घासायचं नाही. रेशीम घासलं की तिथली चमक जाते, आणि ती परत येत नाही. कापूस पिवळा झाला की दुसरा घ्या, खालची घडीही सरकवत राहा. जरीपासून दोन बोटं लांब राहा. टिकल्या किंवा खडे गोंदाने चिकटवलेले असतील तिथे स्पिरिट वापरूच नका, गोंद सुटतो.

कुणी आधीच साबण लावून डाग तांबडा केला असेल, तर स्पिरिटच्या आधी कपभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून त्याने टिपा. आम्लाने तो पुन्हा पिवळा होतो. हेही आधी त्याच कोपऱ्यावर तपासा, आणि नंतर साध्या पाण्याच्या कापसाने व्हिनेगर टिपून काढा. ओलसरपणा कडेला विरत जाईल असं टिपा, नाहीतर सुकल्यावर पाण्याचं कडं उमटतं. मग पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. डाग असेपर्यंत इस्त्री लावू नका, उष्णतेने तो पक्का बसतो.

तरीही फिकट पिवळं उरलं, तर सकाळचं कोवळं ऊन वापरा, उन्हाने हळद उडते. पण साडीचा रंगही उडतो, म्हणून बाकीची साडी सुती चादरीखाली झाका, एका वेळी दहा-पंधरा मिनिटंच ठेवा आणि दर वेळी शेजारच्या रंगाशी ताडून बघा. गडद रंगाच्या पैठणीला मी ऊन दाखवणार नाही.

डाग जरीवर असेल, जुना असेल किंवा साडी आजीची असेल, तर थेट ड्रायक्लिनरकडे न्या. डाग कशाचा आहे आणि त्यावर काय काय लावलंय, हे त्यांना लपवू नका. त्यावरच ते पुढचं औषध ठरवतात.

हे सगळं पावसाळ्याआधी उरकून घ्या. ठाण्याच्या जून-जुलैच्या दमट हवेत साडी किंचित ओलसर राहिली तरी बुरशीचे ठिपके पडतात. साडी नीट सुकवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता मलमलच्या कापडात गुंडाळा.

भाचीच्या शालूवर आता चण्याच्या डाळीएवढी फिकट सावली उरली आहे. ती निऱ्यांच्या आतल्या घडीत जाते. आणखी टिपलं असतं तर धागा विरला असता, म्हणून मी तिथे थांबले.